उरल्यासुरल्या डब्यांतून निळा रंग: बोटीच्या दुरुस्तीच्या नोंदी

५ मार्च

बोट पाण्याबाहेर काढून ठोकळ्यांवर ठेवली. उजव्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या हातभर वर, धक्क्याच्या लोखंडी कडेवर घासल्याचा ओरखडा. ४१ सेंटीमीटर लांब. बराचसा जेलकोटपुरताच (बोटीच्या वरच्या रंगीत थरापुरताच) आहे, पण मधल्या १२ बाय ५ सेंटीमीटरच्या पट्ट्यात फायबर उघडं पडलंय आणि मॅटचे (आतल्या काचेच्या धाग्यांच्या थराचे) केस वर आलेत. नखाने दाबलं की कुरकुरतं. खोली साधारण २ मिलिमीटर, म्हणजे आरपार नाही.

आधी हिशेब केला. खोलीच्या बारा पट उतार द्यायचा, म्हणजे चारी बाजूंनी अडीच सेंटीमीटर घासायचं. खड्डा १७ बाय १० होतो. चौरस मीटरला ३०० ग्रॅमची मॅट, तीन थर, प्रत्येक थर वेगळ्या मापाचा. तिन्ही तुकडे मिळून काच भरते १० ग्रॅम. रेझिन (काचेचे थर धरून ठेवणारा, घट्ट होणारा द्रव) तिच्या अडीच पट, म्हणजे २५ ग्रॅम. जेलकोट ओरखड्यासकट धरला तर फार तर ३० ग्रॅम.

आणि हे सगळं मिळतं किलोच्या डब्यात. पॉलिस्टर रेझिन आणि जेलकोट साधारण तीन ते सहा महिन्यांत बाद होतात, त्यामुळे उरलेला डबा पुढच्या दुरुस्तीला कामाला येण्याची आशाच नको. गेल्या वेळी मी असेच दोन डबे घट्ट झाल्यावर फेकले होते.

आजूबाजूला सहा बोटी उभ्या आहेत. प्रत्येकाच्या फळीवर असलेच अर्धे डबे असणार. संध्याकाळी सगळ्यांना विचारलं, "तुमच्याकडे काय उरलंय?"

७ मार्च

चौदा वस्तू जमल्या. कामाच्या निघाल्या पाच. पूर्ण दुपार यात गेली, पण ती गेली नसती तर पुढचे दोन आठवडे गेले असते.

पहिला डबा रेझिनचा. झाकण उघडलं तर आत डिंकाचा गोळा. दुसरा पातळ होता, पण उघडल्याची तारीख कुठेच नव्हती. त्यातलं १० ग्रॅम काढून त्यात २ टक्के कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारं रसायन) घातलं आणि घड्याळ लावलं. २२ मिनिटांत जेल झालं, दोन तासांत कडक. हा घेतला. तिसऱ्याचं तेच केलं, दुसऱ्या दिवशीही बोट चिकटत होतं. बाद.

एका पिशवीत दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगाचा हार्डनर होता. एकदा उघडून ठेवलेला, आत दुधासारखा गढूळ. हवेतला ओलावा खाऊन तो संपलेला असतो. रंगाचा डबा मात्र शिल्लक, अगदी भरलेला. हार्डनरशिवाय त्याचा उपयोग शून्य. असे एका पायाचे जोड चौदांत तीन होते. माझी सूचना: एक भाग कुणाला देत असाल तर दुसराही त्याच पिशवीत बांधून द्या, नाहीतर देऊ नका.

एक जुना तळरंगाचा डबा आला. लेबल अर्धं फाटलेलं, पण 'ट्रायब्युटिलटिन' एवढं वाचता येत होतं. शेवाळ-शंख न लागू देणारा हा रंग एकेकाळी सगळेच लावायचे. पाण्यातल्या जिवांचे हाल झाले म्हणून २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २००८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे. लावायचा नाही, गटारात ओतायचा नाही. घातक कचऱ्यात जमा करण्यासाठी वेगळा ठेवला. दुसरा तळरंग तांब्याचा होता, चांगल्या स्थितीत. तो ॲल्युमिनियमच्या छोट्या बोटीचे मालक मागत होते. त्यांना नाही म्हटलं. तांबं आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की पत्रा खायला लागतो. थोडे नाराज झाले.

आणि एका चपलांच्या खोक्यात कॅटॅलिस्टची बाटली आणि कोबाल्ट ॲक्सलरेटरची (घट्ट होण्याचा वेग वाढवणाऱ्या रसायनाची) बाटली शेजारी शेजारी, दोन्हींची बुचं ओशट. हे दोन थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होऊ शकतो. खोकं हातात धरून मी दोन मिनिटं नुसती उभी होते. बाटल्या दोन टोकांच्या फळ्यांवर ठेवल्या, खोकं टाकून दिलं.

८ मार्च

घासायच्या आधी आजूबाजूचा भाग ॲसिटोनने पुसून मेण काढलं. हे उलट्या क्रमाने केलं तर पॉलिश पेपर मेण आत रगडतो. गेल्या वेळी तेच झालं होतं, म्हणून यावेळी आठवलं.

ग्राइंडरने उतार द्यायला पाऊण तास. मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे असूनही मनगटाला काच लागली. पुढच्या वेळी बाह्या टेपने बांधणार.

९ मार्च

थर टाकले. ४० ग्रॅम रेझिन, ०.६ ग्रॅम कॅटॅलिस्ट, म्हणजे दीड टक्का. २५ ग्रॅम पुरेल म्हटलं होतं, पण ब्रश आणि कप दहाएक ग्रॅम पितात, ते हिशेबात धरा. लहान तुकडा आधी की मोठा आधी यावर दोन शेजाऱ्यांत वाद झाला, मी मोठा आधी टाकला आणि वाद चालू राहिला. हवा रोलरने काढली. अर्ध्या तासाचं काम. या टप्प्यात काहीच चुकलं नाही, पुढे चुकलं.

१० मार्च

थर बसल्यावर दोन ठिकाणी किंचित खोलगट राहिलं. पुट्टी हवी होती. शेजारच्या बोटीच्या काकांनी एक भांडं दिलं. त्यांना ते कुणाकडून तरी मिळालेलं, वर लेबल नाही, सोबत छोटी बाटली. "अगं, पुट्टी पॉलिस्टरचीच आहे ना, बघून घे," काका म्हणाले. मी वास घेतला आणि 'हो' म्हटलं. भांड्याला आधीच रेझिनचे हात लागलेले होते, त्यामुळे वास पॉलिस्टरचा येणारच होता, हे तेव्हा सुचलं नाही.

रुपयाच्या नाण्याएवढी पुट्टी एका खोलगट जागी भरली. दुसरी जागा सोडली, पुट्टी संपली म्हणून. त्या कंजूसपणानेच नंतर कारण शोधून दिलं.

१२ मार्च

आता रंग. बोट फिकट निळी. बाकीचे पाच मालक पांढऱ्यावाले, त्यांना हा प्रश्न सोपा वाटतो (तोही नाही, पांढऱ्याचे प्रकार मोजू नयेत).

एकाने रालचं शेड कार्ड आणलं. १९२७ मध्ये जर्मनीत ४० रंगांनी सुरू झालेली ही पद्धत आता दोनशेच्या वर गेली आहे. बोटीला कार्ड लावून पाहिलं. ५०२४ पेस्टल निळा जास्त निळा, ७०३५ फिकट करडा जास्त करडा. बोट दोघांच्या मधे कुठेतरी. कार्डाने एवढंच कळतं की आपण कुठल्या गल्लीत आहोत.

मग आठवलं, रांगेतल्या शेवटच्या बोटीचा साचा माझ्याच बोटीचा. मागच्या पाटीवर उजव्या बाजूला कोरलेला हल क्रमांक (बोटीचा ओळख क्रमांक) वाचला. शेवटचे दोन अंक मॉडेलच्या वर्षाचे असतात. ते दोघींचे सारखे, बनवणाराही एकच. त्या बोटीच्या ताईंकडे मूळ जेलकोटचा ४०० ग्रॅमचा उरलेला डबा निघाला, झाकणावर उघडल्याची तारीख लिहिलेली. सगळ्या चौदा वस्तूंत तारीख असलेला हा एकच डबा. आठ महिने जुना. १० ग्रॅमची चाचणी घेतली, वेळेत जेल झाला.

मला वाटलं, काम संपलं.

१३ मार्च

थोडा जेलकोट कॅटॅलिस्ट घालून पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर ओतला. वाळल्यावर शीटकडची बाजू काचेसारखी चकचकीत निघते, म्हणजे पॉलिश केलेल्या पृष्ठभागासारखी. हा वाळलेला तुकडा म्हणजे चिप. ओला रंग पाहून कधीही ठरवू नका, वाळल्यावर तो थोडा सरकतो.

चिप बोटीला लावली. गडद. चांगलीच गडद.

बोटीच्या मागच्या भागावर एक जुना स्टिकर होता. तो गरम हवेने सोलून काढला. खाली लखलखीत निळा चौकोन. त्यावर चिप ठेवली तर कडाच दिसेना. बोटाने सरकवून चिप चौकोनाबाहेर आणली, लगेच ठिपक्यासारखी उठून दिसायला लागली. डबा बरोबरच होता. बोटच उन्हाने बदलली होती, आणि स्टिकरएवढी जागा नाही बदलली.

दुसरी चूक इथेच लक्षात आली. मी चिप लावत होते ती बोटीच्या पावडरलेल्या पृष्ठभागाला. जुन्या जेलकोटचा वरचा थर खडूसारखा होतो, हात फिरवला की तळव्याला पांढरं लागतं. दुरुस्ती झाल्यावर आजूबाजूचं पॉलिश करणार, मग रंग जुळवायचा तोही पॉलिश केलेल्या जागेशीच. ओरखड्याच्या शेजारी दोन बाय दोन फुटांचा भाग कंपाऊंडने (घासून चमक आणणाऱ्या पेस्टने) घासून काढला. निळा बराच परत आला. तरी स्टिकरखालचा नाही तो नाहीच.

१४ मार्च

चिपांचा दिवस. मूळ निळ्यात पांढरा जेलकोट, काळी पेस्ट, आणि उन्हाने येणारी पिवळट झाक म्हणून गेरूच्या पिवळ्या रंगाची पेस्ट. पेस्ट एवढ्या कडक असतात की ५ ग्रॅमच्या चिपेत काळ्याचा एक ठिपका पडला तरी संपलं. पहिल्या सहा चिपा अशाच काळवंडल्या. मग प्रत्येक पेस्टचं एक ग्रॅम नऊ ग्रॅम पांढऱ्या जेलकोटमध्ये मिसळून 'पातळ काळा' आणि 'पातळ पिवळा' तयार केले. आता ०.१ ग्रॅमचा फरक वजनकाट्यावर धरता येतो. काटा खिशातला, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंतचा. त्याशिवाय हे करू नका, थेंब मोजून कुणाला पुन्हा तोच रंग मिळत नाही.

रात्री शेडमध्ये अकरावी चिप बोटीला लावली. बेमालूम. ट्यूबलाइटखाली मी फोटो काढले आणि काकांना हाक मारली. दोघेही खूश.

१५ मार्च

सकाळी उन्हात तीच चिप शेवाळी दिसत होती.

रंगद्रव्यं वेगळी असतील तर दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात नाही. निळ्यात पिवळा घातला की हिरवं येणारच, पण ट्यूबलाइटने ते लपवलं. आता नियम केलाय: चिप सकाळी, दुपारी सावलीत आणि संध्याकाळी, तिन्ही वेळा बघायची. रात्री बघायचीच नाही.

हिरवं मारायला लाल लागतो. लाल ऑक्साइडची पेस्ट पॉलिस्टरसाठी चालते ती कुणाकडे आहे हे विचारत फिरले. चौथ्या बोटीवर एक डबा निघाला, झाकणाच्या कडेला वाळलेला थर होता, आत मऊ. अर्धा ग्रॅम मिळाला. तो पातळ करून घेतला.

१६ मार्च

सतरावी चिप. तिन्ही वेळा जुळली. ५० ग्रॅमचं प्रमाण असं:

मूळ निळा ४१ ग्रॅम, पांढरा ७.७, पातळ काळा ०.५, पातळ पिवळा ०.६, पातळ लाल ०.२.

चिपांत ८५ ग्रॅम माल गेला. दुरुस्तीला लागणाऱ्या मालाच्या जवळजवळ तिप्पट. पण नवीन कुठलाही डबा उघडला नाही.

पूर्ण ५० ग्रॅम कॅटॅलिस्टशिवाय एकदाच मिसळून बंद बरणीत ठेवला. लागेल तेवढा काढून त्यातच कॅटॅलिस्ट घालायचं. हे आधी केलं म्हणून पुढच्या गोंधळात वाचले.

१८ मार्च

३० ग्रॅम काढला, २ टक्के कॅटॅलिस्ट, ०.६ ग्रॅम. ब्रशने दोन हात, पृष्ठभागापेक्षा किंचित वर. आकुंचन पावतो आणि घासायलाही जागा लागते.

चार तासांनी हात लावला. सगळीकडे चिकट. घाबरले, मग लक्षात आलं की मेण नसलेला जेलकोट हवेच्या संपर्कात वरून वाळतच नाही. वरून पारदर्शक शीट चिकटवायला विसरले होते. शीट लावून टेपने कडा बंद केल्या.

१९ मार्च

शीट काढली. सगळीकडे कडक, नखाने खूण पडत नाही. फक्त एक गोल, नाण्याएवढा, चघळलेल्या रबरासारखा. ॲसिटोनचा बोळा फिरवला तर निळा बोळ्यावर आला.

नाण्याएवढा म्हटल्यावर पुट्टीच आठवली. दुसरी खोलगट जागा, जिथे पुट्टी नव्हती, ती ठणठणीत होती. म्हणजे पुट्टी इपॉक्सीची. इपॉक्सीच्या हार्डनरमधलं उरलेलं अमाइन पॉलिस्टरला बसू देत नाही. इपॉक्सी पॉलिस्टरवर धरते, उलटं करायला जाऊ नये. काकांना सांगितलं. त्यांनी ते भांडं उचलून त्यावर मोठ्या अक्षरांत 'इपॉक्सी' लिहिलं आणि खाली छोट्या अक्षरांत 'माफ कर'.

चूक काकांची नाही, बिनलेबलाचं भांडं वास घेऊन वापरणारीची आहे.

२० ते २२ मार्च

गोल कोरून काढला, तळापर्यंत. पॉलिस्टरची पुट्टी भरली (लेबल वाचून), वाळू दिली, घासली. बरणीतल्या मिश्रणातून ४ ग्रॅम काढून भरला, यावेळी लगेच शीट. वेगळं मिश्रण केलं असतं तर रंग पुन्हा जुळवावा लागला असता. गेलेला वेळ: तीन संध्याकाळी.

२४ मार्च

घासणं. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात, मग ६००, ८००, १०००, १५००, पाण्याचा सतत हात. ४०० सपाट ठोकळ्यावर लावून चालवला. ६०० ला कंटाळा आला आणि पेपर बोटांनी धरला. बोटांचा दाब एका कडेला पडला आणि ओरखड्याच्या टोकाला खालचा जुना थर गडद रेषेसारखा दिसायला लागला. कागद अजून दोन फेऱ्या चालवला असता तर फायबर. बरणीतले आणखी ५ ग्रॅम तिथे गेले, एक दिवस अजून.

ठोकळा. शेवटच्या नंबरपर्यंत ठोकळाच.

२६ मार्च

कंपाऊंड, पॉलिश, मेण. हाताने सव्वा तास, मशीन मागितलं असतं तर वीस मिनिटं.

तीन पावलं मागून ओरखडा सापडत नाही. जवळून, पाणी मारल्यावर, १७ बाय १० चा आयत सापडतो, कारण नव्या थराला जुन्यापेक्षा चमक जास्त आहे. रंगात फरक नाही, निदान आज तरी. दोन उन्हाळे गेल्यावर काय होईल ते तेव्हा लिहीन.

सामानाचा हिशेब: विकत घेतलं ते फक्त वॉटर पेपर, दोन ब्रश आणि मास्क. वेळ: तीन आठवड्यांत मिळून सुमारे ३१ तास, त्यातले निदान १२ माझ्या चुकांचे. बरणीत ११ ग्रॅम उरलंय. तारीख, प्रमाण आणि 'कॅटॅलिस्ट नाही' असं लिहून सामायिक फळीवर ठेवलं. फळीवरच्या बाकी डब्यांवरही आता तारखा आहेत. पहिल्या दिवशी मी मार्कर फिरवला, नंतर लोक स्वतः लिहायला लागले. तिघांनी तारखेऐवजी 'जुना' लिहिलंय.

१९ एप्रिल

शेवटच्या बोटीच्या ताईंनी त्यांच्या बोटीच्या नाळेवरचा (पुढच्या टोकावरचा) टवका माझ्या प्रमाणाने भरायचा ठरवला. साचा एक, वर्ष एक, डबा तर त्यांचाच. चिप लावली तर फिकट. त्यांची बोट वर्षातले बरेच महिने ताडपत्रीखाली असते, उन्हाने कमी खाल्ली आहे. त्यांनी पाच चिपांत गाठलं, मला सतरा लागल्या होत्या. त्यांचं ५० ग्रॅमचं प्रमाण: मूळ निळा ४४.६, पांढरा ४.५, पातळ काळा ०.३, पातळ पिवळा ०.६. लाल लागलाच नाही. उन्हात दोनदा पाहून त्यांनी तसं कळवलंय. दोन्ही कागद फळीच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत.